पत्रा खाली धरून ठेवायचा असतो

सोलापुरात घर बघायला आलेला माणूस पहिलं वर बघतो. मुलीकडचे असोत नाहीतर भाडेकरू असोत, चहा यायच्या आत नजर छताला लागून आलेली असते, आणि मग कुणीतरी विचारतंच, स्लॅब आहे का पत्रा? पत्रा म्हटलं की पुढचं बोलणं जरा वेगळ्या सुरात होतं. गंमत अशी की हेच स्लॅबवाले आता उन्हानं आणि गळतीनं कावून स्लॅबच्या डोक्यावर लोखंडी पाइप उभे करून निळा-तांबडा पत्रा मारून घ्यायलेत, जुळे सोलापूरला चक्कर मारा, गच्चीवर शेड नसलेलं घर शोधावं लागेल. म्हणजे पत्रा नको असं कुणाचंच म्हणणं नाही, फक्त खाली स्लॅब पाहिजे म्हणजे इज्जत राहते.

आमचं घर अक्कलकोट रोडच्या बाजूला. पुढच्या दोन खोल्या स्लॅबच्या, मागं एक लांबलचक खोली जिच्यात अण्णांचे टॉवेलचे माग होते. माग कधीच भंगारात गेले, खोली राहिली, आणि तिच्यावर सिमेंटचे जुने पत्रे. काही तडकलेले, काहींवर डांबराची ठिगळं. हे काढून नवीन कलर कोटेड पत्रा टाकायचा एवढाच विषय होता. पण एप्रिल-मेमध्ये सोलापुरात शेडवाला फोन उचलत नाही, उचलला तर रेट असा सांगतो की आपणच फोन ठेवतो, आणि शिवाय मला बरेच दिवस एकदा स्वतः करून बघायचंच होतं. सांगाडा वेल्डिंगवाल्याकडनं करून घ्यायचा आणि पत्रा आपण मारायचा असं ठरवलं. मदतीला दाजी. दाजी आयुष्यभर एमआयडीसीत मेंटेनन्सला होते, त्यामुळं त्यांना सगळं येतं आणि त्यांचं सगळ्याबद्दल मतही असतं.

पण त्याआधी आजीचं सांगायला पाहिजे, कारण छप्पर म्हटलं की माझ्या डोक्यात पहिली आजी येते.

आजीचं माहेर अक्कलकोट तालुक्यातलं, माळवदाचं घर. ज्यांनी माळवद बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, जाड तुळया, त्यावर किलचाण म्हणजे बारक्या लाकडांचा थर, त्यावर पाला आणि त्यावर हात-दीड हात पांढरी माती, सपाट. उन्हाळ्यात आत एसी झक मारतो. पण दर पावसाळ्याच्या तोंडाला चिरा बुजवायला वर अजून थोडी माती टाकायची, दरवर्षी थोडी थोडी, आणि आधीची कुणी काढत नाही. चाळीस-पन्नास वर्षांत डोक्यावर किती वजन साठतं याचा हिशोब कुणी करत नव्हतं. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा तो हिशोब एकदम झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरची ती मणामणांची माती, लातूर-उस्मानाबादकडं हजारो माणसं झोपेतच त्याखाली गेली. सोलापुरातही लोक रात्री रस्त्यावर झोपायला लागले होते. आजीच्या माहेरच्या घराच्या भिंतींना चिरा गेल्या, आणि त्यानंतर आजीनं जे डोक्यात घेतलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही, पत्राच बरा, अंगावर पडला तर खोक पडंल, जीव जाणार न्हाई. आमच्या पुढच्या खोल्यांवर स्लॅब पडला तेव्हासुद्धा ती मागच्या मागाच्या खोलीतच झोपायची, पत्र्याखाली.

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. फक्त अर्धं होतं. जड छप्पर खाली येतं, तसं हलकं छप्पर वर जातं. आणि पत्रा टाकायचं सगळं काम खरं तर या दुसऱ्या गोष्टीचं आहे हे मला वर चढल्यावर कळलं, तोपर्यंत मला वाटायचं पत्रा म्हणजे पाऊस अडवायची वस्तू.

सोलापुरात कुठल्याही उंच गच्चीवरनं खाली बघा. पत्र्यांवर काय काय ठेवलेलं असतं, दगड, फुटके टायर, वाळूची पोती, जुना पाटा, एका ठिकाणी तर मी मागाचं लोखंडी चाक बघितलंय. वारं आलं की पत्रा उडू नये म्हणून. आणि दर मे महिन्यात वळवाचं वारं सुटलं की दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी असते, अमुक ठिकाणी पत्रे उडाले, पत्र्यावरचा दगड अंगावर पडून कुणीतरी जखमी. म्हणजे ज्याच्या भरवशावर झोपायचं तोच दगड.

मी एकदा कागदावर मांडून बघितलं. वाऱ्याचा दाब काढायचं इंजिनिअर लोकांचं साधं सूत्र आहे, सेकंदाला किती मीटर वेग त्याचा वर्ग करायचा आणि ०.६ नं गुणायचं. ताशी ७२ किलोमीटरचं वारं म्हणजे सेकंदाला २० मीटर, त्याचा दाब होतो चौरस मीटरला २४० पास्कल, म्हणजे साधारण २४ किलो. आता आमचा पत्रा चौदा फुटी, अर्धा मिलिमीटर जाडीचा, त्याचं स्वतःचं वजन वीस किलोच्या आसपास. त्याला वर ओढणारा जोर शंभर किलोच्या वर. कडेला आणि कोपऱ्यात तर ओढ अजून जास्त बसते, आणि खोलीचं दार उघडं राहिलं तर आत शिरलेलं वारंही खालनं ढकलायला लागतं, वाऱ्यात छत्री उलटते ना, तसं. आता यात दहा-पंधरा किलोचा दगड काय करणार सांगा. दगडानं पत्रा थांबत नाही, पत्र्याबरोबर दगड निघतो.

म्हणून स्क्रू. पण स्क्रूनं पत्रा पाइपाला धरला, पाइपाला कुणी धरलंय? बऱ्याच ठिकाणी पाइपाची टोकं भिंतीत खोचून वर सिमेंटचा एक थापा मारलेला असतो, बस. मोठं वारं आलं की पत्रा पाइपासकट जातो, शेजारच्या गल्लीत अख्खा सांगाडा पडलेला मी डोळ्यांनी बघितलाय, एकही स्क्रू सुटलेला नव्हता, स्क्रू मारणाऱ्याचं कौतुकच करायला पाहिजे. आमची मागची भिंत जुनी, विटांची. तिच्या डोक्यावर गवंड्याकडनं आधी चार इंची काँक्रीटची पट्टी फिरवून घेतली, आत सळई, आणि ठराविक अंतरावर सळईची टोकं वर काढून ठेवली, त्या टोकांना मग पाइप वेल्ड केले. वेल्डिंगवाला म्हणला, साहेब पत्र्याच्या खोलीला एवढं कोण करतं. दाजी म्हणले, आम्ही करतो.

पाइपात अंतर चार फुटांच्या आत ठेवलं, दोन्ही कडांना त्याहून कमी. ढाळ बारा फुटाला दीड फूट. वेल्डिंगची प्रत्येक जागा घासून रेडऑक्साइड मारला, तोही आधीच, कारण पत्रा बसल्यावर त्या जागेला ब्रश पोचत नाही आणि गंज मात्र बरोबर पोचतो.

या सगळ्याच्या आधी जुने सिमेंटचे पत्रे उतरवणं, हे खरं जिवावरचं काम. हे पत्रे वरनं दणकट दिसतात आणि मधोमध पाय दिला की कडकन तुटून माणूस थेट खाली, दरवर्षी कुठं ना कुठं होतंच. त्यामुळं वर आडव्या फळ्या टाकायच्या आणि फळीवरनंच चालायचं, तीही खालच्या लाकडाच्या रेषेवर टेकलेली पाहिजे. दुसरं म्हणजे त्यात ॲसबेस्टॉस असतं. अख्खा पत्रा गप पडून असेल तोवर तो फारसं काही करत नाही पण तोडला, कापला, आपटला की बारीक तंतू हवेत उडतात आणि ते फुप्फुसाला वाईट. म्हणून पाणी मारून ओले करून, जुन्या जे हुकचे नट कापून, एकेक पत्रा अख्खा खाली घेतला, मास्क लावून. दाजींनी मास्क नाकाखाली लावला होता. त्यावर आमचं भांडण झालं आणि मी जिंकलो, हे फार क्वचित होतं.

आता पत्रा. नालीदार पत्र्याचं पेटंट १८२९ सालचं, लंडनच्या गोदीवर काम करणारा हेन्री रॉबिन्सन पामर नावाचा इंजिनिअर, त्यानं घेतलं. डोकं बघा, सपाट पातळ पत्रा उचलला की लडबडतो, त्यालाच नाळ्या पाडल्या की तोच पत्रा ताठ उभा राहतो, एक ग्रॅम लोखंड न वाढवता. पुढं १८३७ ला फ्रान्समध्ये सोरेल नावाच्या इंजिनिअरनं लोखंडावर जस्ताचा थर द्यायचं पेटंट घेतलं आणि पत्रा गंजायचा थांबला. जस्ताचं वैशिष्ट्य असं की ओरखडा पडून लोखंड उघडं पडलं तरी आजूबाजूचं जस्त आधी झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. आत्ताचा जो कलर कोटेड मिळतो त्यात रंगाखाली बऱ्याचदा नुसतं जस्त नसतं, ५५ टक्के ॲल्युमिनियम, ४३ टक्क्यांच्या वर जस्त आणि थोडं सिलिकॉन असा थर असतो. दुकानदार सांगताना फक्त रंग सांगतो आणि गॅरंटी सांगतो, जाडी विचारली की इकडंतिकडं बघतो. जाडी विचाराच, आणि रंगासकट का रंगाशिवाय तेही विचारा. ०.३५ आणि ०.५० हातात घेतल्यावर बोटाला कळतं.

लांबी मी चौदा फूट अखंड कापून मागवली, म्हणजे ढाळाच्या दिशेनं मध्ये जोडच नको. जोड नाही तिथं गळती नाही. रंग पांढरट घेतला. सगळे निळा घे म्हणत होते, निळा भारी दिसतो म्हणून. भारी दिसतो पण तापतोही भारी. सोलापूरचा मे म्हणजे ४३ अंश ही काही बातमी नसते, आणि गडद पत्रा दुपारी सहज साठच्या वर जातो, त्यावर हात ठेवून दाखवा. आमच्याकडं पूर्वी पत्र्यावर चुना मारायचे, नाहीतर कडबा नाहीतर उसाचं पाचट पसरायचे, ते लोक काय येडे नव्हते.

त्याच कारणानं पत्र्याखाली चंदेरी बबलशीट टाकली. ही गोष्ट पत्रा मारायच्या आधी ठरवावी लागते, कारण ती पाइपांवर आधी अंथरून वर पत्रा बसतो. आणि ती ताणून पत्र्याला चिकटवायची नसते, पाइपापाइपात जराशी झोळ पाहिजे. चंदेरी बाजूसमोर मोकळी हवा असेल तरच ती उष्णता परतवते, पत्र्याला टेकली की तीही त्याच्यासोबत तापते. हे मला शेडवाल्यानं नाही, दाजींनी सांगितलं, त्यांच्या कंपनीतल्या डक्टिंगवरनं.

काम सकाळी उजाडल्यावर सुरू करायचं आणि ऊन वर आलं की खाली उतरायचं, सोलापुरात दुसरा पर्यायच नाही. खाली उतरलं की कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर दही, आणि आडवं. वारं असेल तर पत्रा उचलायचाच नाही. चौदा फुटी पत्रा दोघांच्या हातात असताना एक झुळूक आली तर ती दोघांनाही घेऊन जाऊ शकते, आणि कड हाताला लागली तर टाकेच. हातमोजे घाला, कमरेला दोरी बांधा, चप्पल घालून वर जाऊ नका, एवढं ऐका.

पहिला पत्रा पूर्वेकडनं लावला. पावसाळी वारं आपल्याकडं पश्चिमेकडनं येतं, म्हणून पूर्वेकडनं सुरू करून पश्चिमेकडं सरकायचं, म्हणजे वरच्या पत्र्याची कड वाऱ्याकडं पाठ करून बसते आणि वारं सांध्यात न शिरता त्यावरनं घसरून जातं. वळीव मात्र कुठनंही येतो, त्याला काही धरबंध नाही. पहिला पत्रा काटकोनात बसला की बाकी सगळे बसतात, तो बोटभर तिरका गेला तर शेवटचा हातभर बाहेर. त्या एका पत्र्यावर आमची अख्खी सकाळ गेली, लाइनदोरी ताणून, कर्ण मोजून, परत मोजून. खालनं आई विचारत होती, अजून एकच?

स्क्रू कुठं मारायचा, उंचवट्यावर का खोलगट भागात, यावर माणसांचे दोन पंथ आहेत. खोलगटात मारला तर पत्रा पाइपाला थेट टेकलेला असतो, पकड एकदम घट्ट, पण पाणी तिथनंच वाहतं आणि सगळा भार त्या रबरी वायसरवर. उंचवट्यावर मारला तर भोक पाण्याच्या वर राहतं, पण स्क्रू लांब लागतो आणि खाली पोकळ असल्यामुळं जास्त आवळला की उंचवटा चेपतो. मी उंचवट्यावर मारले. दाजी खोलगटवाले. शेवटी तोडगा असा निघाला की अगदी कडेच्या पाइपावर, जिथं वाऱ्याची ओढ सगळ्यात जास्त, तिथं प्रत्येक उंचवट्याला स्क्रू, मधल्या पाइपांवर एक सोडून एक.

"काय बे, एवढे स्क्रू मारलालास, पत्रा हाय का चाळण?" दाजी म्हणले.

"कडेला एकही कमी करणार नाही दाजी, तुम्ही काय पण म्हणा."

स्क्रू आवळणं हे हाताला शिकावं लागतं. ड्रिल फुल स्पीडनं फिरवली तर स्क्रूचं टोक जळतं आणि मग पाइपात भोकच पडत नाही, नुसतं चीं चीं. हळू फिरवायची, वरनं सरळ दाब द्यायचा, टोक लोखंडातनं पार झालं की आवाज बदलतो, मग आटे धरतात आणि शेवटच्या दोन फेऱ्या कान देऊन घ्यायच्या. वायसर लोखंडी टोपीच्या कडेनं जरासा फुगून दिसला की थांबायचं. कमी आवळला तर पाणी आत, जास्त आवळला तर रबर चिरडून चार उन्हाळ्यांत फाटतं आणि परत पाणी आत. दोन पत्र्यांच्या सांध्यावर मध्येमध्ये बारके स्क्रू वेगळे. आणि रोज उतरताना ब्रशनं वरचा लोखंडाचा चुरा झाडून काढायचा, नाहीतर पहिल्या दवाला तो गंजतो आणि पांढऱ्या पत्र्यावर तांबूस डाग पडतात, लोकांना वाटतं पत्राच खराब. ग्राइंडरनं पत्रा कापला की ठिणग्या रंग जाळतात, म्हणून जिथं कापायचा तिथं हातकातरीच वापरली, बोटं भरून आली पण कड स्वच्छ राहिली.

भिंतीला लागून जिथं पत्रा संपतो तिथं गवंडी सवयीनं सिमेंट भरायला निघाला होता. थांबवला. थंडीतली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यात पत्र्याच्या तापमानात पन्नासेक अंशांचा फरक धरला तर चौदा फुटी पत्रा अडीच मिलिमीटर लांब होतो आणि परत आकसतो, रोजच थोडं थोडं. सिमेंटला हे चालत नाही, पहिल्याच उन्हाळ्यात चीर. वर ओलं सिमेंट त्या ॲल्युमिनियम-जस्ताच्या थराला खातं ते वेगळंच. त्याऐवजी पत्र्याचीच वाकवलेली पट्टी भिंतीत खाच मारून बसवली, खालची कड पत्र्यावर मोकळी, सरकायचं तेवढं सरक म्हणावं. संध्याकाळी ऊन उतरलं की अजूनही वर कट्, कट् असा आवाज होतो. पाहुण्यांना वाटतं मांजर.

जूनच्या आधी वळीव येऊन गेला. दुपारी आभाळ काळं झालं, धूळ उठली, गल्लीतल्या बायका वाळत घातलेल्या कुरडया घेऊन पळाल्या आणि मग वारं. मी आत उभा राहून वर बघत होतो, आई म्हणली बाहेर ये, मी गेलो नाही. कडेचा पत्रा थरथरायचा, उंचवटे एकदम ताणल्यासारखे दिसायचे, आणि परत बसायचे. त्या वाऱ्यात अंगातली सगळी ताकद लावून मी मनातल्या मनात पाइप खाली ओढून धरत होतो, ज्याची त्याला काही गरज नव्हती. मग पाऊस. पत्र्यावरच्या पावसाचा आवाज म्हणजे बोलणं बंद. याच खोलीत माग चालू असताना अण्णा आणि आई खुणांनीच बोलायचे, तसं आम्ही दोघं त्या दिवशी खुणांनी बोललो. ती विचारत होती गळतंय का, मी हात हलवून नाही म्हणत होतो.

पाऊस थांबल्यावर दुसरा विषय निघाला. पत्र्याचं सगळं पाणी शेजारच्या काकांच्या अंगणात. आधीच्या सिमेंटच्या पत्र्याच्या पागोळ्या त्यांच्याकडंच पडायच्या पण ते वाटेतच झिरपत-गळत जायचं, आता एका थेंबाची चोरी नाही, सगळा लोंढा सरळ. काका दारात आले, शांतपणे म्हणले, काम झकास केलायस, आता आमचं अंगण तेवढं परत दे. पन्हळ लावायची होतीच, ती मग लगेच लावली, एका टोकाला जराशी उतरती, आणि तिथनं पीव्हीसी पाइप खाली आमच्या बॅरलमध्ये.

आणि इथं मला एक वेगळाच हिशोब सापडला. चौदा बाय तीस फूट, म्हणजे ३९ चौरस मीटर. दहा मिलिमीटरचा साधा पाऊस पडला तरी या पत्र्यावरनं चारशे लिटरच्या आसपास पाणी उतरतं. सोलापुरात उजनी धरण भरलेलं असो नाहीतर रिकामं, नळाला पाणी काही दिवसांआड, इथं चारशे लिटर म्हणजे काय हे पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगून समजणार नाही. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचं, त्यात धूळ आणि पक्ष्यांची घाण असते. पुढचं धुण्याला, भांड्याला, फरशीला, झाडांना. आई आता आभाळ आलं की आधी बॅरल मोकळं करते. काकांनी परवा विचारलं, तुझ्या पन्हळीचं दुसरं टोक आमच्याकडं काढता येईल का, थोडा ढाळ बदलून?

दाजी म्हणतात येईल. स्क्रू खोलगटात मारायचे असतील तर.